अंदमानला मुले न्या, पण अर्धा बेत घरीच ठेवा

पत्र : आम्ही सातारा जिल्ह्यात राहतो. मुलगी नऊ वर्षांची असून चौथीत आहे आणि मुलगा चार वर्षांचा आहे. दिवाळीच्या सुट्टीत सासूबाईंसह अंदमानला जाण्याचा बेत आहे. ट्रॅव्हल एजंटने सहा रात्रींचा कार्यक्रम आखून दिला आहे. पोहोचल्याच दिवशी सेल्युलर जेल आणि ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम, दुसऱ्या दिवशी रॉस आणि नॉर्थ बे, मग हॅवलॉक, एलिफंट बीच, नील आणि परतीच्या आदल्या दिवशी पहाटे तीनला उठून बाराटांग. ह्यांना एकही ठिकाण सोडायचे नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्यांना फक्त सावरकरांची कोठडी पाहायची आहे. मुलगा पसरणीच्या घाटातसुद्धा उलट्या करतो आणि मला स्वतःला पोहता येत नाही. मी उगाच घाबरते, असे घरातले सगळे म्हणतात. मुले थोडी मोठी होईपर्यंत थांबावे का? – एक वाचक

सप्रेम नमस्कार.

तुम्ही उगाच घाबरत नाही आहात. चार वर्षांच्या मुलाला समुद्रावर नेताना ज्या आईला पोहता येत नाही, तिला धाकधूक वाटणे हे शहाणपणाचेच लक्षण आहे. मात्र थांबण्याची गरज नाही. माझी हरकत तुमच्या मुलांच्या वयाला नाही, एजंटने दिलेल्या त्या कार्यक्रमाला आहे. तो कागद दोन धडधाकट प्रौढांसाठी लिहिलेला असून त्यात तुमच्या घरातील चार वर्षांचे आणि गुडघेदुखीचे अशी दोन्ही माणसे नुसती प्रवासी म्हणून मोजलेली आहेत.

आधी महिन्याचा विचार करू. दिवाळीच्या सुमारास, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आपल्याकडे पावसाळा संपून आकाश मोकळे झालेले असते, म्हणून तिकडेही तसेच असेल असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात त्या दिवसांत ईशान्य मोसमी वारे सुरू होत असतात, बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचा काळ असतो आणि समुद्र खवळला की बेटांमधील बोटी रद्द होतात. मे महिन्याचेही फारसे चांगले नाही, कारण नैऋत्य मोसमी पाऊस केरळच्या आधी अंदमानातच पोहोचतो आणि तो साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात तेथे असतो. समुद्र शांत आणि पाणी नितळ असण्याचे भरवशाचे दिवस जानेवारी ते एप्रिल हे होत. नाताळच्या सुट्टीत हवा बरी असते, पण गर्दी आणि दर दोन्ही चढलेले असतात. माझे स्पष्ट मत विचाराल तर चौथीतील मुलीची फेब्रुवारीतील पाच-सहा दिवसांची शाळा बुडवा. वर्गशिक्षिकेला आधी भेटून सांगितलेत तर त्या फारशी खळखळ करणार नाहीत. शाळा बुडवणे मनाला पटत नसेल तर वार्षिक परीक्षा संपल्याबरोबर एप्रिलअखेरीस निघा. तेव्हा उकाडा सोसावा लागेल, पण समुद्र सहसा साथ देईल.

आता अशी एक गोष्ट सांगते, जी त्या कार्यक्रमपत्रिकेत कोठेही लिहिलेली नसते आणि जिच्यावर तुमचा प्रत्येक दिवस अवलंबून असणार आहे. अंदमान साताऱ्याच्या जवळजवळ एकोणीस अंश पूर्वेला आहे, पण घड्याळ मात्र आपलेच चालते. त्यामुळे तेथे सूर्य आपल्यापेक्षा सुमारे सव्वा तास आधी माथ्यावर येतो. डिसेंबरअखेरीस संध्याकाळी पाचच्या आसपास सूर्यास्त होतो आणि साडेपाचला चक्क अंधार पडतो. सकाळी मात्र सहाच्या आधीच उजाडलेले असते. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मुलांना दुपारी झोपवून, चहापाणी आटोपून, साडेचारला निवांतपणे राधानगर किनाऱ्यावर पोहोचलो. पिशव्या ठेवून मुलांचे कपडे बदलेपर्यंत किनाऱ्यावरचा रक्षक शिट्टी वाजवून लोकांना पाण्याबाहेर काढू लागला. धाकट्याने जे भोकाड पसरले ते रात्री जेवणापर्यंत आवरले नाही.

म्हणून मुलांना पहिल्या दिवसापासून रात्री आठलाच झोपवा आणि सकाळी सहाला पाण्यावर न्या. उन्हाचे गणितही असेच सरकते. आपण ‘बारा ते तीन ऊन टाळा’ असे म्हणतो, पण तेथे सव्वाअकरा-साडेअकराला सूर्य डोक्यावर असतो, त्यामुळे साडेनऊ ते दीड हा वेळ मुलांनी खोलीत, झाडाखाली किंवा जेवणाच्या टेबलावर काढायचा. पाण्यात खेळताना मुलांना पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा घाला, कारण सनस्क्रीन पाण्याने आणि वाळूने पुसले जाते व दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागते. मानेचा मागचा भाग, कानांच्या पाळ्या आणि पावलांचा वरचा भाग हमखास विसरला जातो आणि रात्री नेमके तेच भाजलेले असतात.

घड्याळाच्या खालोखाल भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावे लागते. हे कोकणातल्या माणसाला सांगावे लागत नाही, पण आपण घाटावरचे लोक समुद्र पाहायला जातो तेव्हा तो असेलच, असे धरून चालतो. हॅवलॉकच्या पूर्वेकडील किनाऱ्यांवर ओहोटीला पाणी इतके आत जाते की समोर खडक आणि मेलेले प्रवाळ उघडे पडते, त्यावर मुलांना अनवाणी सोडणे म्हणजे तळपाय कापून घेणे होय. याउलट नील बेटावरील नैसर्गिक दगडी कमान ओहोटीलाच नीट पाहता येते. हॉटेलात पोहोचल्यावर पहिला प्रश्न वायफायचा न विचारता ‘उद्या भरती किती वाजता?’ हा विचारा.

नावांचा थोडा गोंधळ होईल, तोही आताच दूर करते. 2018 च्या डिसेंबरमध्ये रॉस बेटाचे नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, हॅवलॉकचे स्वराज द्वीप आणि नीलचे शहीद द्वीप असे झाले, तर 2024 मध्ये पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम झाले. तिकिटांवर आणि बोलण्यात जुनी-नवी दोन्ही नावे सापडतात. तिकीट चुकीच्या गावाचे काढले, असे वाटून घाबरू नका.

आता तुमच्या कार्यक्रमाला कात्री लावू. पहिल्या दिवशी काहीच पाहायचे नाही. तुम्ही साताऱ्याहून रात्री निघून पुण्याला किंवा मुंबईला विमान पकडणार, बहुधा चेन्नईत किंवा कोलकात्यात ते बदलणार आणि दुपारी पोहोचणार, म्हणजे मुले पहाटे दोनपासून जागी असणार. अशा मुलांना संध्याकाळी ध्वनिप्रकाशाच्या कार्यक्रमाला नेले तर ती तुमच्या मांडीवर झोपतील आणि तिकिटाचे पैसे देऊन तुम्ही त्यांना थोपटत बसाल. पहिल्या दोन रात्री पोर्ट ब्लेअरला, मग सलग तीन रात्री हॅवलॉकला आणि शेवटची रात्र पुन्हा पोर्ट ब्लेअरला अशी विभागणी करा. शेवटची रात्र मुख्य बेटावर काढण्यास पर्याय नाही. हवामानामुळे बोट रद्द झाली तर विमान तुमच्यासाठी थांबत नाही. नील वगळताना मला वाईट वाटते, कारण ते लहान, शांत आणि भाजीपाल्याच्या मळ्यांचे मोठे गोड बेट आहे. पण प्रत्येक जादा बेट म्हणजे सामान बांधणे, धक्क्यावर तिष्ठणे आणि तुमच्या मुलाच्या दृष्टीने आणखी एक उलटी.

बाराटांग मात्र मी वाईट न वाटता काढून टाकते. तेथील चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी पाहण्यासाठी जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास होतो, आणि जिरकातांगच्या नाक्यावर पहिल्या ताफ्यात जागा मिळावी म्हणून मध्यरात्रीनंतर उठावे लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा रस्ता जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव क्षेत्रातून जातो. आदिवासी जमातींच्या संरक्षणासाठी 1956 पासून नियम लागू आहे. त्या टापूत गाडी थांबवणे, फोटो काढणे, खाऊ देणे हे सारे निषिद्ध आहे आणि वाहने ताफ्यानेच सोडली जातात. तरीही गाडीतील बहुतेक माणसे काचेला नाक लावून ‘दिसतात का’ हेच पाहत असतात. नऊ वर्षांची मुलगी ‘आपण माणसे बघायला आलोय का?’ असे विचारील, तेव्हा तिला देण्यासारखे चांगले उत्तर माझ्यापाशी नाही. तुमच्या यजमानांपाशी असेल तर त्यांनी मुले मोठी झाल्यावर एकट्याने जावे.

सासूबाईंची इच्छा हा या प्रवासाचा कणा समजा. सेल्युलर जेल दुसऱ्या दिवशी सकाळी, उघडताच पाहा. जेल कोणत्या वारी बंद असते ते आधी विचारून घ्या. 1896 ते 1906 या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या सात इमारतींपैकी आज तीनच उभ्या आहेत. सावरकर येथे 1911 मध्ये आले आणि 1921 मध्ये त्यांना येथून हलवण्यात आले. त्यांची कोठडी अगदी वरच्या मजल्यावर, टोकाला आहे आणि तेथवर जिनाच चढून जावे लागते. सासूबाईंना गुडघ्याचा पट्टा बांधून, काठी देऊन, सर्वांत आधी तेथे न्या. खालचे संग्रहालय आणि आवार उतरल्यावर सावकाश पाहता येईल. उलट क्रम केलात तर जिन्यापर्यंत येता येताच त्या ‘तुम्ही जाऊन या, मी बसते’ असे म्हणतील आणि मनातून हिरमुसतील. वर पोहोचल्यावर त्यांना तेथे घाई करू नका. अनेक मराठी माणसे त्या दाराशी हात जोडून नुसतीच उभी राहतात, तुम्हीही थोडा वेळ मुलांना घेऊन सज्जात थांबा.

मुलीला आत जाऊन कोठडी पावलांनी मोजू द्या. ती साधारण साडेतेरा फूट लांब आणि सात फूट रुंद आहे आणि झरोका हात पोहोचणार नाही इतका वर आहे. एवढ्याने तिला जे कळेल ते कोणत्याही भाषणाने कळणार नाही. तेलाचा कोलू, म्हणजे घाणा, दाखवताना बैलाच्या जागी माणसाला जुंपत असत, हे तिला सरळ शब्दांत सांगा. कैद्याला बांधून फटके मारायची तिकटी आणि फाशीघर तिला पाहायचे असेल तर वडिलांनी बरोबर जावे, पण चार वर्षांच्या मुलाला मी तेथे नेणार नाही. त्याला त्यातले काही समजणार नाही, फक्त दोर लक्षात राहील. ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम त्याच संध्याकाळी, दुपारची झोप झाल्यावर पाहा. मुलाने चुळबुळ केली तर एकाने त्याला घेऊन बाहेर पडावे. मधली दुपार रॉस बेटावर घालवता येईल. पोर्ट ब्लेअरहून बोटीने ते थोड्या मिनिटांवर आहे, तेथे हरणे आणि मोर माणसांमध्ये मोकळे फिरतात आणि इंग्रजांच्या पडक्या इमारतींना झाडांच्या मुळांनी असे वेटाळले आहे की मुले तासभर हरवून जातात. चढावासाठी तेथे विजेवर चालणाऱ्या गाड्या असतात, सासूबाईंना त्यात बसवा. नॉर्थ बेचा वेगळा फेरा मात्र करू नका.

बोटीचे म्हणाल तर हॅवलॉकला खासगी बोटीने सुमारे दीड तास लागतो आणि सरकारी बोटीने त्याहून बराच जास्त. खासगी बोटी बंद, वातानुकूलित असतात आणि मळमळ होणाऱ्या मुलाला त्या बंद हवेचाच त्रास अधिक होतो. खालच्या मजल्यावरच्या, मध्यभागाजवळच्या जागा मागून घ्या, कारण तेथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. सकाळची बोट निवडा. मुलाला रिकाम्या पोटी नेऊ नका आणि दूध पाजूनही नेऊ नका, कोरडी पोळी किंवा खाकरा पुरेसा आहे. उलटीचे औषध तुमच्या बालरोगतज्ज्ञांना वजन सांगून लिहून घ्या. मोठ्यांची गोळी अर्धी तोडून देण्याचा घरगुती प्रकार कृपया करू नका. औषधाचा एक डोस पसरणीच्या घाटात आधी वापरून पाहा, म्हणजे त्याने गुंगी येते की उलट चिडचिड होते ते कळेल. बोटीत मोठे सामान वेगळे ठेवून घेतात, तेव्हा मुलाचे दोन जोड कपडे, ओला टॉवेल, प्लास्टिकच्या पिशव्या आणि आलेपाक हे तुमच्या हातातल्या पिशवीत हवे. आलेपाक खरे तर तुमच्या स्वतःसाठी आहे. मुलाला सांभाळताना आईलाच मळमळू लागते.

आता तुमच्या खऱ्या काळजीकडे येते. तुम्हाला पोहता येत नाही, ही लपवण्याची गोष्ट नव्हे, तिच्यावरून घरातला नियम ठरवा. चार वर्षांच्या मुलाने त्याच्या स्वतःच्या गुडघ्याएवढ्याच पाण्यात खेळायचे आणि त्याच्यापासून हात लांब करताच दंड धरता येईल एवढ्याच अंतरावर एक मोठे माणूस असायचे. बुडणारे मूल चित्रपटातल्यासारखे हात हलवून हाका मारीत नाही, ते बहुधा गुपचूप खाली जाते. चार मोठी माणसे किनाऱ्यावर असली की प्रत्येकाला वाटते, दुसरा बघतो आहे. म्हणून पाळी तोंडाने बोलून द्या: ‘आता तुझ्याकडे’. ज्याची पाळी असेल त्याचा मोबाइल सासूबाईंच्या पिशवीत.

हवा भरलेले रबरी टायर घेऊ नका. आमच्या दुसऱ्या प्रवासात शेजारच्या खोलीतील कुटुंबाची मुलगी अशाच टायरमध्ये बसली होती. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता आणि तिचे वडील चष्मा पुसून डोळ्यांवर चढवेपर्यंत ती कमरेएवढ्या पाण्यातून छातीएवढ्या पाण्यावर गेली. ती हसत होती, तिला काही कळलेच नव्हते. एका तरुणाने पोहत जाऊन तिला आणले. त्यापेक्षा मुलाच्या वजनाला बेतलेले, दोन पायांच्या मधून पट्टा येणारे लाइफ जॅकेट पुण्यातूनच विकत घ्या, कारण तेथे भाड्याने मिळणारी बहुतेक मोठ्यांच्या मापाची असतात. घातल्यावर खांद्याला धरून वर ओढून पाहा. ते कानापर्यंत सरकले तर ढिले आहे. आणि हे घातले म्हणून हाताचे अंतर वाढवायचे नाही.

हॅवलॉकचा राधानगर किनारा पश्चिमेला असून त्याची वाळू मऊ आहे, पण लाटा आहेत आणि पाण्याला ओढही असते. दोन फुटणाऱ्या लाटांच्या मध्ये जो सपाट, शांत पट्टा दिसतो तोच आत ओढणारा असू शकतो. आपण नेमके मुलांना घेऊन तेथेच जातो. अंदमानात खाऱ्या पाण्यातील मगरीही आहेत आणि 2010 मध्ये राधानगरजवळ एका पर्यटकाचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. याने घाबरून जाऊ नका, पण रक्षक आणि खुणेचे झेंडे असतील तेथेच पाण्यात उतरा आणि खाडीच्या मुखाशी किंवा खारफुटीच्या कडेला मुलांना मुळीच सोडू नका. मुलीला मुखवटा लावून पाण्याखाली पाहायचे असेल तर त्याची सवय घरी बादलीत तोंड घालून करून घ्या. खोल बुडीच्या स्कूबासाठी साधारण दहा वर्षांची अट असते. ‘नऊ चालेल, ताई’ असे कोणी म्हणाला तर त्याच्याकडे तुमच्या यजमानांनीही जाऊ नये. त्यांना बुडी मारायचीच असेल तर ती हॅवलॉकच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी उरकावी, कारण बुडी आणि विमान यांत एक दिवसाचे अंतर लागते. चार वर्षांच्या मुलाला काचेच्या तळाची बोट पुष्कळ झाली.

वाळूमाशीचे नाव तुम्ही ऐकले नसेल. ती डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, पण सकाळ-संध्याकाळ ओल्या वाळूवर बसलेल्यांच्या पोटऱ्यांना चावते आणि ती खाज आठवडाभर टिकते. वाळूवर चादर अंथरा, मुलांच्या पायांना खोबरेल तेलाचा जाड हात द्या आणि कॅलामाइन बरोबर ठेवा. हॅवलॉकला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे आणि मोठे सरकारी रुग्णालय पोर्ट ब्लेअरला, म्हणजे समुद्रापलीकडे आहे, एवढे लक्षात घेऊन तापाचे औषध, जलसंजीवनीची पाकिटे आणि जंतुनाशक मलम जरा जास्तच घ्या. जेवणाची चिंता नको. भात, डाळ, भाजी, इडली, मासळी सारे मिळते, फक्त ताजे करून देतात म्हणून वेळ लागतो. भूक लागण्याआधी अर्धा तास मुलाचा वरणभात सांगून ठेवा आणि मेतकुटाची पुडी विसरू नका. थोडी रोख रक्कमही जवळ असू द्या.

मुलगी शंख-शिंपले वेचायला धावेल. जिवंत शंखातील काही जाती विषारी डंख मारतात, त्यामुळे हलणाऱ्या शंखाला हात लावायचा नाही. प्रवाळ तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा आणता येत नाही आणि विमानतळावरील तपासणीत सामान उघडून तो काढून घेतला जातो. तिला एक चित्रवही द्या. सापडलेले प्रत्येक शिंपले काढायचे, खाली तारीख घालायची आणि शिंपले जागच्या जागी ठेवायचे.

एजंटला आजच कळवा की बाराटांग, नॉर्थ बे आणि नील हे तिन्ही वजा करून नवा हिशेब द्यावा, हॅवलॉकला तीन रात्री एकाच हॉटेलात, तळमजल्याची खोली असावी आणि तारखा फेब्रुवारीतील असाव्यात. तो ‘पॅकेज बदलत नाही’ असे म्हणेल. एकदा म्हणू द्या, मग दुसऱ्या एजंटचे नाव घ्या. कागद हाती आला की तो यजमानांच्या हातात देण्याआधी सासूबाईंना वाचून दाखवा. कोठडी दुसऱ्या दिवशी सकाळीच आहे, हे ऐकल्यावर त्या तुमच्याच बाजूने बोलतील.